"कुठे आहे?" जठराचा सुरुवातीचा कर्करोग पडद्यावरून शिकवणाऱ्या एका जपानी प्रयोगाचा अभ्यास

जठराचा सुरुवातीचा कर्करोग पहिल्यांदा दाखवला की शिकाऊ डॉक्टर हमखास विचारतो, "कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. त्याच्या डोक्यात पुस्तकातला कर्करोग असतो, म्हणजे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ किंवा उकरून काढल्यासारखा खोल व्रण. समोरच्या मॉनिटरवर मात्र नखाएवढा लालसर किंवा फिकट डाग असतो, जेमतेम खोलगट, भोवतीच्या सुजलेल्या अस्तरात मिसळून गेलेला. दहा सेकंदांत स्कोप (तोंडातून जठरात घालायची कॅमेऱ्याची नळी) त्याच्यावरून पुढे सरकतो आणि रिपोर्टमध्ये 'गॅस्ट्रायटिस' (जठराच्या अस्तराची साधी सूज) लिहिले जाते.

या चुकीची किंमत मोठी आहे. जपानी एंडोस्कोपी संघटनेने १९६२ साली 'सुरुवातीचा जठर-कर्करोग' याची व्याख्या ठरवली: जो कर्करोग अस्तरात किंवा त्याखालच्या थरातच आहे, स्नायूंपर्यंत उतरलेला नाही, तो सुरुवातीचा, मग लसिका ग्रंथीत पसरलेला असो वा नसो. या टप्प्यावर उपचार झाले तर पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर जाते, आणि अनेकदा पोट न उघडता स्कोपमधूनच तो भाग सोलून काढता येतो. दुसरीकडे, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणाप्रमाणे अन्ननलिका आणि जठराच्या कर्करोगांपैकी ११.३ टक्के आधीच्या तीन वर्षांत झालेल्या एंडोस्कोपीत निसटलेले होते. म्हणजे रुग्ण वेळेवर आला, उपाशीपोटी आला, नळी गिळली, आणि तरीही हाती काही लागले नाही.

फुकुओका विद्यापीठाच्या चिकुशी रुग्णालयातले केन्शी याओ आणि त्यांच्याबरोबरचे नोरिया उएदो, मानाबु मुतो वगैरे मंडळींनी या दुखण्यावर ई-लर्निंगचा उपाय केला, आणि तो खरोखर लागू पडतो का हे यादृच्छिक चाचणीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून, तपासले. २०१६ साली ती चाचणी प्रसिद्ध झाली. एंडोस्कोपीच्या शिक्षणात व्हिडिओ आणि प्रश्नमंजुषा ढिगाने आहेत. शिकवलेल्यांची न शिकवलेल्यांशी तुलना करण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली आहे. म्हणून हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे, त्यातल्या त्रुटींसकट.

निसटतो कुठे

व्रण किंवा डाग निसटण्याच्या तीन जागा आहेत. पहिली, कॅमेरा तिथे पोचतच नाही. दुसरी, पोचतो पण फेस आणि चिकट श्लेष्मा यांच्याखाली काही दिसत नाही. तिसरी, स्वच्छ दिसते, पण पाहणाऱ्याला ते कळत नाही. याओ यांच्या गटाने अभ्यासक्रमाची मांडणी तंत्र, ज्ञान आणि अनुभव अशी केली. पहिल्या दोन जागांचे उत्तर तंत्रात आहे, तिसरीचे ज्ञानात आणि अनुभवात.

'अनुभव' पडद्यावरून कसा द्यायचा, इथे खरी मेख आहे. जपानमध्ये जठराचा कर्करोग पुष्कळ, तपासणीही पुष्कळ. तिथला शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या शेजारी उभा राहून वर्षभरात अशा अनेक जखमा, म्हणजे असे डाग नि व्रण, पाहतो. आपल्याकडे चित्र उलटे आहे. महाराष्ट्रातल्या एखाद्या युनिटमध्ये डीएम गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीची तीन वर्षे काढणाऱ्या रेसिडेंटला जठराचे कर्करोग दिसतात, पण बहुतेक पुढच्या टप्प्यातले, उलट्या आणि वजन घटल्यावर आलेले. सुरुवातीचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिसले तरी नशीब. जे कधी पाहिलेच नाही ते डोळा कसा ओळखणार? नेमक्या याच ठिकाणी ई-लर्निंगला दुसरा पर्याय नाही. दुर्मिळ गोष्ट ते एकापाठोपाठ एक, हवी तितक्या वेळा दाखवू शकते.

तंत्राचा भाग: आधी पोट धुवायचे

धडा स्कोप हातात घेण्याच्या अर्धा तास आधी सुरू होतो. जपानी पद्धतीत रुग्णाला १०० मिलि पाण्यात २०,००० युनिट प्रोनेस, १ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि १० मिलि डायमेथिलपॉलिसिलॉक्सेन (दर मिलिला २० मिग्रॅ) पाजतात. प्रत्येकाचे काम वेगळे आहे. प्रोनेस श्लेष्मातली प्रथिने तोडते. पण जठरातल्या आम्लात ते निकामी होते, म्हणून सोबत आम्ल मारणारा सोडा. तिसरे औषध बुडबुडे फोडते. शिकाऊंना नुसते 'प्रीमेडिकेशन द्या' असे सांगितले की वेळ कमी असताना हेच पहिल्यांदा गाळले जाते. कोण काय करते हे कळले की गाळायला हात धजत नाही.

आपल्याकडच्या युनिटांत प्रोनेसऐवजी ॲसिटिलसिस्टीन आणि सिमेथिकोन पाण्यातून देणे जास्त सोयीचे पडते. सिमेथिकोन पाजायचे असते. स्कोपला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत ते ओतू नये, कारण स्कोपच्या आतल्या बारीक नळीत (चॅनलमध्ये) त्याचा थर राहतो आणि धुतल्यावरही पूर्ण निघत नाही. ही गोष्ट परदेशी अभ्यासक्रमात असेलच असे नाही. ती युनिटच्या सिस्टरकडून किंवा टेक्निशियनकडून कळते.

जठराची हालचाल थांबवायला १० ते २० मिग्रॅ हायोसीन ब्युटिलब्रोमाइड, आणि काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयविकारामुळे ते चालत नसेल तर १ मिग्रॅ ग्लुकॅगॉन. आकुंचनाची लाट येत असताना लहान डाग घडीत जातो आणि पुढच्या लाटेपर्यंत स्कोप पुढे गेलेला असतो.

बावीस फोटो

मग येते याओ यांनी मांडलेली जठराची पद्धतशीर पाहणी. एकूण २२ फोटो, ठरलेल्या क्रमाने. स्कोप ॲन्ट्रममध्ये, म्हणजे जठराच्या खालच्या टोकाच्या भागात, पोचला की तिथून मागे येत येत सरळ नजरेने तीन पातळ्या पाहायच्या: ॲन्ट्रम, जठराच्या मधल्या भागाचा खालचा हिस्सा, आणि त्याचा मधला-वरचा हिस्सा. प्रत्येक पातळीवर लहान वक्रता (जठराची आतली आखूड कड), पुढची भिंत, मोठी वक्रता (बाहेरची लांब कड), मागची भिंत असे चार फोटो, म्हणजे १२. त्यानंतर टोक वळवून उलट्या नजरेने: फंडस (जठराचा वरचा घुमट) आणि कार्डिया (अन्ननलिका जठराला मिळते ती जागा) यांचे चार, मधल्या-वरच्या भागाचे तीन, ॲन्ग्युलसचे (लहान वक्रतेवरच्या वळणाचे) तीन, म्हणजे १०. उलट्या नजरेत तीनच का, याचे कारण साधे आहे: तिथे मोठी वक्रता स्कोपच्या दांड्याआड जाते, आणि ती सरळ नजरेत पाहून झालेली असते.

बावीस हा आकडा पवित्र नाही. युरोपीय एंडोस्कोपी संघटनेने २०१६ साली किमान दहा फोटो आणि नळी आत जाण्यापासून बाहेर येईपर्यंत किमान सात मिनिटे असा मापदंड दिला. शिकाऊने त्याहून वर असावे इतकेच. मोजलेल्या फोटोंचा खरा फायदा पुढे आहे: कुठला फोटो नाही हे दुसऱ्याला दिसते. 'सगळे पाहिले' या वाक्याची तपासणी करता येत नाही. एकवीस फोटो असतील तर बाविसावा कुठे गेला, हे विचारता येते.

नेमके कोणते कोपरे हुकतात आणि का, हे सांगितल्याशिवाय क्रम पाठ करणे व्यर्थ आहे. जठराच्या मधल्या भागाची मागची भिंत स्कोपच्या दिशेला जवळजवळ समांतर जाते, म्हणून ती तिरकी, ओढलेली दिसते. टोक वळवणारी डायल किंचित फिरवून आणि थोडी हवा काढून ती समोर आणावी लागते. मोठ्या वक्रतेच्या घड्या हवा कमी असेल तर उघडतच नाहीत, आणि घडीतल्या घडीत मावेल एवढी जखम तिथे लपते. कार्डियाच्या अगदी खाली, स्कोप जिथून आत येतो तिथे, उलटून पाहिल्याशिवाय काहीच दिसत नाही. आणि उलटल्यावरही दांडा स्वतःच आड येतो, म्हणून दांडा गोल फिरवून सर्व बाजू पाहाव्या लागतात.

ज्ञानाचा भाग: दोन खुणा

साध्या पांढऱ्या प्रकाशात शोधायच्या खुणा दोनच: स्पष्ट सीमा, आणि त्या सीमेच्या आत रंगाची किंवा पृष्ठभागाची अनियमितता. दोन्ही असतील तर संशय घ्यायचा. गॅस्ट्रायटिसचे डाग लाल असतात, पण त्यांची कड पुसट असते आणि नक्षी सगळीकडे सारखी असते. इतके साधे सूत्र नवशिक्याला पेलते. वीस प्रकारचे डाग आणि त्यांची वीस नावे देणारा अभ्यासक्रम पेलत नाही.

सूत्र फसते ते मुख्यतः दोन ठिकाणी. हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जंतूवरचे औषध घेऊन तो गेल्यावर अस्तरात आतड्यासारखी झालेली ठिगळे उरतात. ती लाल, खोलगट आणि नकाशासारख्या कडेची असू शकतात, म्हणजे सीमा असूनही कर्करोग नाही. उलट, काही फिकट, सपाट कर्करोगांच्या पेशी अस्तराच्या आत पसरतात आणि वरची नक्षी टिकून राहते. तिथे सीमा धूसर असूनही कर्करोग असतो. अशा फिकट डागाची बायोप्सी (तपासणीसाठी चिमूटभर तुकडा) घ्यायची, वाद घालायचा नाही.

पुढची पायरी नॅरो बँड प्रकाशाची. या पद्धतीत ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरतात. रक्तातले हिमोग्लोबिन तो शोषते, म्हणून वाहिन्या गडद उठून दिसतात. चित्र खूप मोठे करून सूक्ष्म वाहिन्या आणि पृष्ठभागाची सूक्ष्म नक्षी अशी दोन्ही वेगवेगळी पाहायची; दोहोंपैकी एक जरी अनियमित असेल आणि सीमारेषा असेल तर कर्करोग धरायचा. हेच याओ यांचे व्हीएस (वेसल प्लस सरफेस, म्हणजे वाहिन्या आणि पृष्ठभाग) वर्गीकरण. मुतो यांच्या गटाने २०११ साली १० मिमीपर्यंतच्या खोलगट जखमांवर केलेल्या चाचणीत नुसत्या पांढऱ्या प्रकाशाने अचूकता ६४.८ टक्के होती, चित्र मोठे करून नॅरो बँडने ९०.४ टक्के, आणि आधी एक मग दुसरे असे दोन्ही वापरल्यावर ९६.६ टक्के. आकडे घसघशीत आहेत. पण ही डागाची ओळख पटवण्याची अचूकता आहे, शोधण्याची नाही: जखम आधीच सापडलेली होती. शिवाय चित्र मोठे करणारा स्कोप आणि टोकावर अंतर राखणारी मऊ काळी टोपी लागते, आणि ही सामग्री प्रत्येक युनिटात नसते. जिथे नाही तिथे नवशिक्याचा वेळ पहिल्या दोन खुणांवर घालवणे शहाणपणाचे.

चाचणी कशी झाली

३५ देशांतल्या ५१५ एंडोस्कोपिस्टांची पात्रता तपासली गेली आणि ३३२ जणांना चाचणीत घेतले. निम्म्यांना, म्हणजे १६६ जणांना, ई-लर्निंग मिळाले. उरलेल्या १६६ जणांना मिळाले नाही. आधी एक परीक्षा, मधल्या काळात एका गटाला व्हिडिओ धडे आणि स्वतः सोडवायचे सराव, मग दुसरी परीक्षा. शेवटच्या हिशेबात पहिल्या गटातले १५१ आणि दुसऱ्यातले १४४ जण धरले गेले.

निकाल सुधारणेच्या दराने मांडला आहे, म्हणजे नंतरचे गुण भागिले आधीचे गुण. ई-लर्निंग गटाचा सरासरी दर १.२४, दुसऱ्या गटाचा १.००. सोप्या भाषेत, आधी ५० गुण मिळवणारा धड्यांनंतर साधारण ६२ वर गेला, आणि धडे न मिळालेला जिथल्या तिथे राहिला. धड्यांचा काहीच परिणाम नसता तर इतका फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी होती.

आता हा निकाल किती ताणायचा? दुसऱ्या गटाला काहीच दिले नव्हते. पुस्तक नाही, व्याख्यान नाही, वरिष्ठांबरोबरची संध्याकाळची चर्चा नाही. त्यामुळे 'काहीच नसण्यापेक्षा ई-लर्निंग बरे' हे ठामपणे सिद्ध होते. 'चांगल्या शिक्षकापेक्षा बरे' हे होत नाही. दुसरे, मोजली ती परीक्षेतली कामगिरी. परीक्षेत चित्र समोर येते तेव्हा कोणीतरी जठर धुतलेले असते, हवा भरलेली असते, कॅमेरा योग्य अंतरावर धरलेला असतो. नवशिक्याची चूक बहुधा त्याच्या आधीच झालेली असते. तिसरे, स्वतःहून नाव नोंदवणारे लोक उत्साही असतात. युनिटप्रमुखाने सक्तीने बसवलेला रेसिडेंट तितका सुधारेल असे गृहीत धरता येत नाही.

या मर्यादांमुळे चाचणी निरुपयोगी ठरत नाही. उलट तिने ई-लर्निंगची हद्द नीट आखून दिली: डोळा शिकवता येतो, हात नाही. डायल वर पूर्ण फिरवली की साध्या गॅस्ट्रोस्कोपचे टोक २१० अंशांत वळते, हे व्हिडिओत दिसते. ते वळवताना उजव्या हाताने दांडा किती ओढायचा, हवा कधी थांबवायची, रुग्ण ओकारी काढतो तेव्हा थांबायचे की पुढे जायचे, हे मॉडेलवर आणि मग देखरेखीखाली रुग्णावरच कळते.

सराव बिघडतो कशाने

पडद्यावरच्या सरावाचे रोग ठरलेले आहेत. सगळ्यात मोठा रोग प्रमाणाचा. सरावातल्या चित्रांपैकी निम्मी कर्करोगाची असतील तर शिकाऊ प्रत्येक लाल डागावर बोट ठेवायला शिकतो. खऱ्या ओपीडीत तसे केले की एकेका रुग्णाच्या आठ-दहा बायोप्सी होतात, रक्त येते, पॅथॉलॉजीचे टेबल भरते आणि नेमकी महत्त्वाची जागा रक्ताखाली जाते. उपाय असा: पाठोपाठच्या प्रत्येक नव्या संचात निरोगी आणि गॅस्ट्रायटिसची चित्रे वाढवत न्यायची, आणि गुण देताना चुकलेले कर्करोग आणि उगाच घेतलेल्या बायोप्सी वेगवेगळ्या दाखवायच्या. एकच एकत्रित टक्केवारी दोन्ही दोष झाकते.

दुसरा, पाठांतराचा. तीच चित्रे पुन्हा आली की डोळा जखम नाही, कोपऱ्यातली चकाकी किंवा बुडबुडा ओळखतो. परीक्षेची चित्रे सरावात कधीच वापरू नयेत.

तिसरा अगदी क्षुल्लक वाटणारा: उपकरण. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो दाबला जातो आणि सूक्ष्म वाहिन्यांची नक्षी चिखल होते. फोनवर रात्रीचा पिवळसर मोड चालू असेल तर लालसर आणि फिकट यांतला फरक संपतो, आणि नवशिक्याला शिकायचा तोच तर फरक आहे. सराव लॅपटॉपवर किंवा युनिटच्या मॉनिटरवर, मूळ फाइलने करावा. रेल्वेत बसून फोनवर सोडवलेला संच वाचनाइतकाच धरावा.

आणि उत्तर लगेच, खुणेसह हवे. 'बरोबर' किंवा 'चूक' एवढे सांगून भागत नाही. सीमा कुठून कुठे जाते हे चित्रावर रेषेने दाखवले, त्याच्याशेजारी काढून टाकलेल्या तुकड्याचे पॅथॉलॉजीचे चित्र ठेवले, की डोळ्याला कळते की त्याने काय पाहायला हवे होते. चुकलेली चित्रे आठवड्याने पुन्हा पुढे यावीत. नुसते पुढच्या प्रश्नाकडे ढकलणारे संच मनोरंजनाचे.

आपल्या युनिटात बसवायचे तर

जपानी प्रयोग जसाच्या तसा उचलण्याची गरज नाही, त्याचा क्रम मात्र उचलावा. नव्या रेसिडेंटने स्कोप धरण्याआधी धुण्याची पद्धत, स्कोपचे भाग आणि बावीस फोटोंचा क्रम एवढेच पडद्यावरून शिकावे. डाग ओळखणे अजून नाही. मग मॉडेलवर क्रम. पहिल्या काही आठवड्यांत रुग्णावर हात बसत असताना ज्ञानाचे धडे संध्याकाळी अर्धा-अर्धा तास, कारण दिवसभर पाहिलेले जठर डोळ्यांसमोर ताजे असते आणि सीमा म्हणजे काय हे तेव्हा पटकन कळते. सराव संच त्यानंतर, दर आठवड्याला एक, तास-दोन तासांत सगळे उरकायचे नाहीत.

हे सगळे एकत्र जोडणारी गोष्ट मात्र सॉफ्टवेअरमध्ये नाही. आठवड्यातून एकदा वरिष्ठाने रेसिडेंटच्या स्वतःच्या पाच केसेसचे साठवलेले फोटो उघडावेत आणि बावीस जागा मोजाव्यात. कुठला फोटो नाही, कुठला धूसर आहे, कुठल्यावर फेस आहे. पहिल्या महिन्यात हमखास गळणारे किंवा बिघडणारे फोटो ठरलेले असतात: मधल्या-वरच्या भागाची मागची भिंत, आणि उलट्या नजरेतला कार्डिया. त्यातला मागच्या भिंतीचा फोटो असतो, पण तिरका, अर्धा काळा, आणि डाव्या कडेला एक चमकणारा ठिपका. त्या ठिपक्याच्या मागे काय होते, हे आता कोणालाच सांगता येत नाही. म्हणून त्या रुग्णाच्या रिपोर्टात 'मागची भिंत नीट दिसली नाही' असे लिहायला रेसिडेंटला त्याच बैठकीत लावावे, आणि गरज असेल तर रुग्णाला परत बोलावावे.